किंडर स्काउट, २४ एप्रिल १९३२: एका सामूहिक भटकंतीचं प्रकरण

इंग्लंडमधल्या भटकंती मंडळांमध्ये एका रविवारबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. त्या दिवशी मँचेस्टर आणि शेफील्डकडची काहीशे तरुण मंडळी ठरवून, जाहीर करून, मालकाची परवानगी न घेता किंडर स्काउट या डोंगरावर चढली. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना पकडलं गेलं, पाच जण तुरुंगात गेले. इंग्लंडमधल्या उघड्या डोंगरमाळावर मोकळेपणी फिरण्याचा कायदेशीर हक्क आज आहे, आणि त्याची गोष्ट सांगणारा जवळजवळ प्रत्येक जण या रविवारपासून सुरुवात करतो.

मला या प्रकरणात रस आहे तो एका नेमक्या प्रश्नासाठी. तो डोंगर लोकांसाठी उघडावा म्हणून पन्नास वर्षांहून अधिक काळ झटणारी मंडळं होती, आणि त्यांपैकी बहुतेकांनी या मोहिमेला विरोध केला होता. मग डोंगर उघडला कोणी? अर्ज-विनंत्या करत, जुने नकाशे धुंडाळत बसलेल्यांनी की त्या एका दुपारी शिट्टी वाजवून वर धावलेल्या पोरांनी? घटनाक्रम बारकाईने पाहिला, की दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या उत्तरांत काहीतरी निसटतं.

डोंगर आणि त्याचे मालक

किंडर स्काउट हा डर्बीशरमधला सर्वांत उंच डोंगर, उंची ६३६ मीटर. त्याला टोकदार माथा नाही. वर आहे ते पीटचं विस्तीर्ण काळं पठार. शेवाळ आणि गवत हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत साचत गेलं, की पीटचा थर तयार होतो. पावसाच्या पाण्याने त्यात इतक्या खोल चऱ्या पाडल्या आहेत की आत उतरलेल्या माणसाला चहूबाजूंनी काळी माती आणि डोक्यावर आभाळ एवढंच दिसतं. धुकं आलं की जाणकारही वाट चुकतात. पठाराच्या कडेने वालुकाश्माचे कातळ आहेत. पश्चिम अंगाला किंडर डाउनफॉल हा सुमारे ३० मीटरचा धबधबा आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं आणि लांबून धुरासारखं दिसतं.

एका अंगाला कापडगिरण्यांचं मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला पोलादाचं शेफील्ड. आठवडाभर धुरात काम करणाऱ्यांना रविवारी सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतता येईल इतका हा डोंगर जवळ होता. १९३२ हे महामंदीचं साल. ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात पोचली होती. हाताला काम नाही आणि खिशात पैसा नाही अशा तरुणाला परवडेल अशी करमणूक म्हणजे चालणं, आणि चालायला हवी होती ती जागा नेमकी बंद होती.

ती बंद कशी झाली? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या माळावर आसपासच्या गावांचे चराईसारखे सामायिक हक्क होते. एन्क्लोजरच्या कायद्यांनी अशी गायरानं मोजून, वाटून खासगी केली. पुढे ग्राउज पक्ष्याच्या शिकारीला मोल आलं आणि डोंगरमाळ म्हणजे शिकारीचं राखीव रान झालं. ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. त्यातही प्रत्यक्ष शिकारीचे दिवस मोजकेच असतात, पण रखवाली वर्षभर चालायची. किंडरचे बरेच भाग ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या आणि इतर जमीनदारांच्या ताब्यात होते. किंडर ज्या डोंगराळ प्रदेशात येतो त्या पीक डिस्ट्रिक्टच्या एकूण डोंगरमाळापैकी लोकांना मोकळा होता तो एक टक्क्याहूनही कमी. शेजारच्या ब्लीकलो या अवाढव्य डोंगरावर तर एकही सार्वजनिक पायवाट नव्हती.

इथे कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा खटला तिच्यावर फिरतो. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं पाऊल टाकणं हा इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा नव्हता. ती दिवाणी बाब होती. मालक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकत होता, नुकसानभरपाई मागू शकत होता, न्यायालयाकडून मनाई हुकूम आणू शकत होता. ‘घुसखोरांवर खटला भरला जाईल’ अशा पाट्या मात्र जागोजागी ठोकलेल्या असत. जुने भटके त्यांना लाकडी थापाडे म्हणत.

मालकांची बाजूही मांडली पाहिजे. एप्रिल-मे हा ग्राउजच्या अंड्यांचा काळ आहे. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या वर्दळीने पक्षीण घरट्यावरून उठते हे खरं. किंडरच्या पायथ्याशी पिण्याच्या पाण्याचा जलाशय होता आणि पाणी दूषित होण्याची भीती पाणीपुरवठा पाहणारे बोलून दाखवत. या हरकती बनावट नव्हत्या. पण काही आठवड्यांच्या हरकतीसाठी बारा महिने आणि काही जागांच्या हरकतीसाठी अख्खा डोंगर बंद ठेवायचा, याला आधार मालकीखेरीज दुसरा नव्हता.

त्याआधीची पन्नास-साठ वर्षं

लोकप्रिय कथनात हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१८७६ साली किंडरच्या पायथ्याच्या हेफील्ड गावात जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी एक संघ स्थापन झाला. नाव लांबलचक: हेफील्ड अँड किंडर स्काउट एन्शंट फुटपाथ्स असोसिएशन. १८९४ मध्ये मँचेस्टरमध्ये पायवाट-रक्षकांची मोठी संस्था उभी राहिली. ती आज पीक अँड नॉर्दर्न फुटपाथ्स सोसायटी म्हणून ओळखली जाते. त्यांच्यासमोरचा पहिला मोठा प्रश्न हेफील्डहून विल्यम क्लफ या घळीतून वर अॅशप हेडच्या खिंडीकडे आणि तिथून पलीकडे स्नेक इन या सराईकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेचा होता. मालकांशी बोलणी झाली, पुरावे गोळा झाले आणि २९ मे १८९७ रोजी ही वाट लोकांसाठी रीतसर उघडली. वाटेवर चालायचं, डावी-उजवीकडे पाऊल टाकायचं नाही, ही अट होतीच. तरी वाट मिळाली.

विल्यम क्लफ लक्षात ठेवा. पस्तीस वर्षांनी त्याच वाटेने ते पोरांचं टोळकं वर जाणार आहे.

शेफील्डच्या बाजूला १९०० साली जी. एच. बी. वॉर्ड या कामगार चळवळीतल्या माणसाने किंडरला वळसा घालणाऱ्या सहलीची जाहिरात दिली. चौदा जण आले. त्यातून शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स हे मंडळ जन्माला आलं. कामगारवर्गातल्या भटकंती मंडळांमध्ये त्याची गणना सर्वांत आधीच्या मंडळांत होते. वॉर्ड खिशात मावतील अशा पुस्तिका काढत. त्यांत वर्षभराच्या सहलींचं वेळापत्रक असे आणि जोडीला स्थानिक इतिहास, गावांची जुनी नावं, हक्काच्या वाटांचे पुरावे. वॉर्ड स्वतः मनाई मोडून गुपचूप किंडरवर जात. १९२३ मध्ये एका मालकाने त्यांच्यावर न्यायालयाची मनाई आणली. म्हणजे हा माणूस मवाळ म्हणावा तर तसा नव्हता. पण त्याचा मार्ग होता एकट्यादुकट्याने चढायचं आणि दिवसाउजेडी कागद लढवायचा.

संसदेतही प्रयत्न चालू होते. जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी प्रवेशाचं विधेयक मांडलं. ते पडलं. पुढे पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि पुन्हा पुन्हा पडलं.

आणि ज्यांना वाटतं की गर्दी जमवली की दारं उघडतात, त्यांनी बोल्टनजवळच्या विंटर हिलचं उदाहरण बघावं. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथे एका जमीनदाराने जुनी वाट बंद केली, तेव्हा दहा हजारांच्या आसपास लोक फाटक मोडून चालत गेले. किंडरच्या कितीतरी पट मोठी ही घटना होती. जमीनदार न्यायालयात गेला आणि जिंकला. पुढची कित्येक दशकं ती घटना खुद्द बोल्टनमध्येही फारशी कोणाच्या आठवणीत नव्हती.

ठिणगी

ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन ही कम्युनिस्ट पक्षाच्या जवळची कामगार क्रीडा संघटना होती. तिचा लँकेशरमधला सचिव होता बेनी रॉथमन. वय वीस, अंगाने लहानखुरा, मँचेस्टरच्या एका गरीब ज्यू कुटुंबातला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो एका गॅरेजमध्ये निरोप्या म्हणून लागला होता आणि सायकलवरून डोंगर पालथे घालायचा.

१९३२ च्या ईस्टरला या संघटनेचं शिबिर रोवार्थ या गावी होतं. लंडनहूनही काही मंडळी आली होती. ब्लीकलोवर निघालेल्या त्यांच्या गटाला रखवालदारांनी शिवीगाळ करून हुसकावून लावलं. परत आल्यावर शिबिरात चर्चा झाली ती साधी होती. आपण मोजकेच होतो म्हणून मागे फिरवलं, संख्येने खूप असतो तर फिरवता आलं असतं का? बरोबर चार आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

लपूनछपून काही नव्हतं. पत्रकं वाटली गेली, रॉथमनने वर्तमानपत्राला मुलाखत दिली. बातमी छापून आल्यावर मँचेस्टरच्या रॅम्बलर्स फेडरेशनने, म्हणजे भटकंती मंडळांच्या महासंघाने, आपला या प्रकाराशी संबंध नाही असं जाहीर केलं. पोलिसांनाही सगळं ठाऊक झालं. रॉथमनला रेल्वे स्टेशनवरच गाठतील अशी शंका होती, म्हणून तो आणि त्याचा एक मित्र सायकल मारत हेफील्डला पोचले.

तो रविवार

सभा हेफील्डच्या मैदानावर व्हायची होती. तिथे सभा घ्यायला ग्रामपरिषदेच्या नियमांनी बंदी होती आणि पोलीस तयारीत होते. म्हणून जमाव आधीच पुढे सरकला आणि बोडन ब्रिजच्या दगडखाणीत थांबला. ठरलेला वक्ता गर्दी पाहून मागे हटला, तेव्हा रॉथमन खाणीतल्या एका कातळाच्या टप्प्यावर चढून बोलला. गर्दी किती होती याचे अंदाज दीडशेपासून सहाशेपर्यंत आहेत. सोबत चाललेल्या मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्राच्या बातमीदाराने चारशे ते पाचशे लिहिलं.

तिथून ते जलाशयाच्या कडेने विल्यम क्लफमध्ये शिरले. इथवर सगळं कायदेशीर होतं, कारण ही वाट १८९७ पासून खुली होती. पोलीस मागे राहिले. घळीच्या वरच्या अंगाला, उजवीकडच्या उतारावर, काठ्या घेतलेले वीस-तीस रखवालदार उभे होते. त्यांतले काही खास त्या दिवसासाठी नेमलेले होते. शिट्टी वाजली, रांगेने वाट सोडली आणि ओळ उघडून उतार चढायला सुरुवात केली.

बहुतेकांना कोणी अडवलंच नाही. एवढ्या पसरलेल्या ओळीला वीस-तीस माणसं अडवणार कशी? काही ठिकाणी मात्र हातघाई झाली. काठ्या उगारल्या गेल्या, काही पोरांनी त्या हिसकावून घेतल्या. एका रखवालदाराचा घोटा दुखावला. सगळा प्रकार काही मिनिटांत संपला. वर अॅशप हेडपाशी पलीकडच्या एडेल खोऱ्यातून जेकब्ज लॅडर ही चढण चढून आलेला शेफील्डचा छोटा गट भेटला. टाळ्या, घोषणा, छोटीशी सभा झाली.

तिथे ते किंडरच्या पठारावर पोचले होते का? काटेकोरपणे पाहिलं तर बहुतेक जण नव्हते. अॅशप हेड ही खिंड आहे, आणि तिच्यातून जाणारी वाट तर आधीच सार्वजनिक होती. वाट सोडून ते जेवढं चालले तो घळीच्या वरचा उताराचा एक पट्टा. डोंगराचा माथा दूरच राहिला. ‘किंडर जिंकला’ म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते चिडतात, पण नकाशा समोर ठेवला की दुसरा निष्कर्ष निघत नाही.

परतीची वाट

सामूहिक भटकंतीत पुढाऱ्याची परीक्षा चढताना कमी आणि उतरताना जास्त होते. इथेही तसंच झालं. वर पोचलेल्यांपुढे पर्याय होते. डोंगर मोठा, वाटा माहीत असलेले लोक सोबत. पांगून, दोघा-तिघांच्या गटांनी एडेलकडे किंवा दुसरीकडे उतरता आलं असतं आणि पोलिसांच्या हाती फारसं कोणी लागलं नसतं. पण ठरलं ते उलट. आलो त्याच वाटेने, सगळे मिळून, मान वर करून हेफील्डमध्ये परत जायचं. आपण गुन्हा केलेला नाही, मग चोरासारखं का पळायचं, ही भूमिका.

गावाच्या वेशीवर पोलीस थांबले होते. त्यांनी रांग अडवली आणि रखवालदारांना सोबत घेऊन चेहरे ओळखत पाच जणांना बाजूला काढलं, त्यांत रॉथमन. एकाला त्याआधीच डोंगरावर ताब्यात घेतलं होतं.

या निर्णयावर मी बराच विचार केला आहे. गट घेऊन जाणाऱ्या माणसाची पहिली जबाबदारी म्हणजे आणलेल्या सगळ्यांना सुखरूप घरी पोचवणं. त्या मापाने हा निर्णय चुकला. पकडलेली पोरं विशीच्या आसपासची होती आणि एकत्र परतण्याची किंमत त्यांच्यातल्या काहींनी महिनेच्या महिने मोजली. पण दुसऱ्या बाजूने पाहा. पांगून गेले असते तर उरली असती ती एका दुपारची दांडगाई, ‘काही टोळभैरव डोंगरावर घुसून पळाले’ एवढी बातमी. उघडपणे परत येण्याने ते म्हणाले की आम्ही जे केलं ते आमचं आहे आणि त्याचा जाब द्यायला आम्ही इथे आहोत. वर जाण्याच्या धाडसापेक्षा मला हे खाली येणं मोठं वाटतं. प्रकरणाचा पुढचा सगळा प्रवास त्याच क्षणी ठरला, कारण खटला झाला तो परत आल्यामुळे.

डर्बीचा खटला

नुसत्या प्रवेशासाठी फौजदारी करता येत नव्हती. म्हणून आरोप लावले ते बेकायदा जमाव, शांतताभंग आणि एकावर रखवालदाराला इजा केल्याचा. जुलै १९३२ मध्ये डर्बीच्या न्यायालयात खटला उभा राहिला. मँचेस्टरपासून लांब, आरोपींच्या ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेर. ज्युरीत लष्करी हुद्दे मिरवणाऱ्या आणि जमीनदार वर्गातल्या मंडळींचा भरणा होता. रॉथमनने वकील न लावता स्वतःची बाजू मांडली. आठवडाभर धुरकट शहरात राबणाऱ्यांनी सुट्टीत मोकळी हवा आणि थोडं ऊन शोधायचं तर उत्तम जागा त्यांना बंद, आणि त्या बंद कशासाठी तर मूठभरांच्या काही दिवसांच्या शिकारीसाठी, असा त्याच्या निवेदनाचा रोख होता.

सहापैकी एकाची सुटका झाली. उरलेल्या पाचांना दोन ते सहा महिने तुरुंगवास. रॉथमनला चार महिने.

प्रकरण फिरलं ते इथे. डोंगरावरच्या दुपारीबद्दल मतं विभागलेली होती. या शिक्षेबद्दल ती बरीचशी एक झाली. ज्यांना मोहीम उतावीळ आणि राजकीय वाटली होती, त्यांच्यातल्याही अनेकांना डोंगरावर चालल्याबद्दल सहा महिने हे पटेना. त्या उन्हाळ्यात कॅसलटनजवळच्या विनॅट्स पास या खिंडीत झालेल्या प्रवेशहक्काच्या वार्षिक मेळाव्याला हजारोंची गर्दी लोटली. हा मेळावा प्रस्थापित मंडळांचाच, आणि तो वर्षानुवर्षं भरत होता.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८ सप्टेंबर १९३२ रोजी शेफील्डच्या बाजूने सुमारे दोनशे जण अॅबी ब्रुककडच्या एका वादग्रस्त वाटेवर पुन्हा परवानगीशिवाय चालले. रखवालदार होते, धक्काबुक्कीही झाली. पोलिसांनी मात्र एकालाही पकडलं नाही. डर्बीच्या शिक्षांनी कोणाचं भलं झालं नाही हे राज्ययंत्रणेला तीन महिन्यांच्या आत उमगलं असावं, असा माझा तर्क आहे.

मंडळांचा विरोध किती रास्त होता

भटकंती मंडळांच्या पुढाऱ्यांना भित्रे, मालकांचे मिंधे म्हणण्याची पद्धत आहे. काहींकडे मालकांनी दिलेली वैयक्तिक परवानापत्रं होती हे खरं, आणि अशा माणसाला तंटा नकोसा वाटणं स्वाभाविक आहे. पण सगळ्यांचा विरोध त्यातून आला होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींवर उभं होतं. संसदेत विधेयकासाठी मतं जमवायची तर भटके म्हणजे जबाबदार, कुंपण न मोडणारे, फाटक लावून जाणारे लोक अशी प्रतिमा लागते. वाटेचा हक्क सिद्ध करायचा तर वर्षानुवर्षांच्या शांत वापराचा पुरावा लागतो. आणि कम्युनिस्टांशी नाव जोडलं गेलं की मध्यमवर्ग आणि खासदार दोन्ही दुरावतात.

पुढे दीर्घकाळ रॅम्बलर्स असोसिएशनचे सचिव राहिलेले टॉम स्टीव्हन्सन यांचं मतही या मोहिमेने हक्काच्या लढ्याला फारसा हातभार लावला नाही असंच होतं. ते ऐऱ्यागैऱ्याचं मत नाही. एडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंतच्या पेनाइन वे या दीर्घ पायवाटेची कल्पना त्यांनी १९३५ मध्ये मांडली आणि तीस वर्षं पाठपुरावा करून ती खरी केली. २४ एप्रिल १९६५ रोजी ती वाट खुली झाली. तारीख पाहा.

माझं मत असं की मंडळांचा हिशेब एका ठिकाणी चुकला. चांगली प्रतिमा जपली की संसद ऐकेल, हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि १८८४ पासूनचा अनुभव याच्या नेमका विरुद्ध होता. १९३९ मध्ये अखेर ‘अॅक्सेस टू माउंटन्स’ कायदा झाला तेव्हा त्याची इतकी मोडतोड झाली होती की काही परिस्थितीत नुसता प्रवेशही फौजदारी गुन्हा ठरणार होता. म्हणजे शिस्तीने पन्नास वर्षं वाट पाहून हाती आलं ते आधीपेक्षा वाईट. तो कायदा कधी वापरला गेला नाही आणि १९४९ मध्ये रद्द झाला, हे नशीब.

पण दुसऱ्या बाजूचीही चूक आहे. रॉथमनच्या सोबत्यांनी मंडळांना अडथळा मानलं, आणि पाय ठेवले ते मात्र मंडळांनीच मिळवलेल्या वाटेवर. विल्यम क्लफची कायदेशीर वाट नसती तर पोलिसांनी त्यांना खाणीच्या पुढेच अडवलं असतं आणि घळीच्या माथ्यापर्यंत चारशे माणसं नेणं शक्यच झालं नसतं. विंटर हिलला दहा हजार लोक चालूनही काही हाती लागलं नाही, कारण तिथे पाठीशी दशकानुदशकं कागद सांभाळणारी संस्था नव्हती आणि निकालानंतर लढा धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. किंडरला दोन्ही होतं. १ जानेवारी १९३५ रोजी देशभरच्या महासंघांतून रॅम्बलर्स असोसिएशन उभी राहिली आणि तिने हा विषय पुढे सोडला नाही.

पुढे काय झालं

महायुद्धानंतरच्या मजूर सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा केला. १७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. सरसकट हक्क अजूनही नव्हता. मालकांशी एकेक करार करत डोंगर मोकळे करायचे होते, आणि १९५० च्या दशकात किंडरवर असे करार झाले. १९८२ मध्ये निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने किंडर विकत घेतला. त्याच वर्षी पन्नासाव्या वर्धापनदिनी बोडन ब्रिजच्या खाणीत स्मृतिफलक लागला, तेव्हा रॉथमन हजर होता. तो आयुष्यभर कामगार संघटनेत आणि प्रवेशहक्काच्या कामात राहिला.

सरसकट हक्क आला तो २००० सालच्या ‘कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे’ कायद्याने. नकाशावर नोंदलेल्या डोंगर, माळ, झुडपी रान आणि गायरान जमिनींवर पायी फिरायला परवानगी लागणार नाही असं ठरलं. पीक डिस्ट्रिक्ट हा त्याची अंमलबजावणी झालेल्या पहिल्या भागांपैकी होता, सप्टेंबर २००४ पासून. या कायद्यात जुन्या हरकतींना जागा आहे. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीने बांधलेला हवा, आणि मालकाला वर्षात २८ दिवसांपर्यंत जमीन बंद ठेवता येते. १९३२ मध्ये घरट्यांचा मुद्दा मांडणाऱ्यांना यापेक्षा वेगळं काही हवं होतं का, असा प्रश्न पडतो. एवढ्यावर तडजोड तेव्हाही होऊ शकली असती.

जानेवारी २००२ मध्ये नव्वदीत असलेला रॉथमन गेला. तीन महिन्यांनी, सत्तराव्या वर्धापनदिनी, अकरावे ड्यूक ऑफ डेव्हनशर कार्यक्रमाला आले आणि आपल्या आजोबांच्या काळात जे घडलं त्याबद्दल त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

आता किंडरसमोरचा प्रश्न वेगळा आहे. दीडशे वर्षांचा गिरण्यांचा धूर, अतिचराई, वणवे आणि नंतर पायांची वर्दळ यांनी पठारावरचं पीट उघडं पडलं. उघडं पीट वाळतं, वाहून जातं आणि साठलेला कार्बन सोडतं. म्हणून चऱ्या अडवून पाणी धरणं, स्फॅग्नम शेवाळ पुन्हा लावणं ही कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. पेनाइन वेच्या दलदली टप्प्यांवर पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या फरश्या अंथरल्या आहेत, म्हणजे माणसं एका पट्ट्यात चालतात आणि बाजूचं शेवाळ वाचतं. भटकंती मंडळांच्या फलकांवर आता वाट सोडू नका, अशी विनंती असते. ती मान्य करणं हक्क सोडणं आहे असं काही जुन्या मंडळींना वाटतं. मला तसं वाटत नाही. वाट सोडायचा हक्क असलेल्या माणसाने कारण समजून ती न सोडणं आणि काठीच्या धाकाने न सोडणं यांत सगळा फरक आहे.

हक्क अजून अपुराच आहे. २००० च्या कायद्याने उघडलेली जमीन इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के, आणि तिच्यातले काही तुकडे असे की तिथवर पोचायला एकही कायदेशीर वाट नाही. नदीकाठ आणि बहुतेक जंगलं अजून बाहेर आहेत. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळावर रात्रीचा तंबू ठोकण्याच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २०२५ मध्ये निकाल भटक्यांच्या बाजूने लागला. तिथेही हजारोंचे मोर्चे निघाले आणि तिथेही कोणीतरी एका जुन्या कायद्यातल्या एका वाक्याचा अर्थ लावत बसलं होतं. पीक अँड नॉर्दर्न सोसायटीचे स्वयंसेवक अजून नकाशा घेऊन दरवर्षी आपापल्या हद्दीतल्या वाटा तपासतात आणि १९०५ पासून चालत आलेल्या पद्धतीने दिशादर्शक पाट्या उभ्या करतात. किंडरच्या वर्धापनदिनाला खाणीत येणाऱ्या गर्दीत त्यांची माणसं असतात आणि रॉथमनच्या संघटनेचा वारसा सांगणारीही असतात.